उंबऱ्यापर्यंतचं अंतर

बोरिवली
१९ ऑक्टोबर १९८६

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता समोरच्या नंदावहिनींकडून लिहून घेतला आहे. तीन वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बापाला एवढी लबाडी माफ असावी.

तुझ्या सासूबाईंचं कार्ड आलं. सातवा लागला म्हणून कळवलं त्यांनी. सोनूबाई हे नाव घेतलं की लोकांना कथलाचा वाळा आठवतो, पण या बाईचं चार ओळींचं कार्ड मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. ऑफिसात दोघांना दाखवलंसुद्धा.

मुद्द्यावर येतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आई नाही म्हणून माहेर नाही असं होत नाही. आई असताना या घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती, हे मी नाकारत नाही. रतन आपल्यातला नाही, या एका गोष्टीवर ती अडून बसली ती शेवटपर्यंत. पण ती जाऊन दीड वर्ष झालं आणि आता या घरात अडून बसायला मी एकटाच आहे. मला अडून बसायचं नाही, मला नातवंड बघायचं आहे.

आतली खोली तुझ्यासाठी रिकामी केली. कॅमेरे सगळे बाहेरच्या शोकेसमध्ये हलवले. तुझी आई त्यांना 'माझ्या सवती' म्हणायची, आठवतं? त्या सवती आता बऱ्याच वाढल्या. दुबईहून, मस्कतहून येणारे लोक हौसेने पोलरॉइड आणतात, चार दिवस शेजारपाजाऱ्यांचे फोटो काढतात, कागद तोंडातून बाहेर येतो आणि बघता बघता त्यावर माणूस उमटतो म्हणून सगळी चाळ गोळा होते, आणि फिल्म संपली की कॅमेरा माळ्यावर जातो. तिथून तो माझ्याकडे येतो. मला फोटोंचं तेवढं वेड नाही, मला त्यांच्या जातींचं आहे. घडी होऊन खिशात मावणारा जो आहे, त्याचेच किती अवतार! पहिला, चकचकीत आणि तपकिरी चामड्याचा. त्याचाच धाकटा भाऊ, पट्टा अडकवायला कड्या असलेला. मग पांढरा, प्लॅस्टिकचा. मग एक गरीब भाऊ, ज्याला भिंगातून बघता येत नाही, अंतर आपणच अंदाजाने लावायचं. हे चारही आहेत माझ्याकडे. पाचवा राहिलाय.

तू कधी येतेस ते लिही. मी टॅक्सी घेऊन मुलुंडला येईन.

तुझे,
पप्पा


बोरिवली
९ नोव्हेंबर १९८६

चि. उत्तरास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. शिव्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या. 'दशरथमामांना विचारलंत का?' असं तू लिहिलंयस. दशरथ तुझ्या आईचा भाऊ, माझा मालक नव्हे. तो दहिसरला त्याच्या घरी सुखी राहो. तू डिसेंबरच्या सुरुवातीला येते म्हणालीस, ते मी धरून चाललो आहे. डिंक आणला आहे. लाडू नंदावहिनी वळून देणार आहेत, कारण मी वळले तर ते भिंतीत खिळे ठोकायला वापरावे लागतील.

आणि पाचवा आला! सहारला विमान कंपनीत काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे पडून होता, फिल्मसकट. त्याच घडीच्या कॅमेऱ्याचा हा सर्वांत शहाणा भाऊ, सोनार. दागिन्यांचा नव्हे, पाणबुडीत असतो तो, आवाजाने अंतर मोजणारा. भिंगाच्या वर, कपाळावर लावावी तशी त्याला एक गोल सोनेरी जाळी आहे. बटण अर्धं दाबलं की त्या जाळीतून आवाज निघतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, त्यावरून कॅमेरा अंतर ओळखतो आणि भिंग आपोआप फिरवून घेतो. वटवाघळासारखं. आपण काही करायचं नाही, नुसतं बघायचं.

माझी एक पद्धत तुला माहीत नसेल, तू गेल्यानंतरची आहे. नवा कॅमेरा आला की पहिला फोटो एकच. मी हॉलमध्ये खुर्चीत बसतो, आपलं दार उघडं ठेवतो आणि दारातून समोर पॅसेजपलीकडचं नंदावहिनींचं दार टिपतो. जागा तीच, खुर्ची तीच, म्हणजे कुठला भाऊ कसं बघतो ते कळतं. चौघांच्याही फोटोंत वहिनींच्या दारावरची पाटी स्वच्छ वाचता येते आणि आपल्या चौकटीवरचं तोरण थोडं पुसट येतं. बरोबरच आहे, आपण लांबचं बघतोय.

सोनारने उलटं केलं. फोटोत आपलं तोरण असं आलंय की पानांच्या शिरा दिसतात. उंबऱ्यावरची हळदीची बोटं दिसतात. आणि वहिनींचं दार धुक्यात गेलंय. म्हणजे याला उंबऱ्यातच काहीतरी लागलं आणि तो तिथेच थांबला. दारात तर कुणी नव्हतं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, याला पेचकसाचा द्यावा लागणार. रतनला विचार, टेलिफोन खात्यातल्या माणसाला अशा गोष्टींतलं कळत असेल.

पप्पा


बोरिवली
२३ नोव्हेंबर १९८६

चि. उत्तरा,

घाईत लिहितो. तुझं येणं जरा पुढे ढकलावं लागेल. घराला रंग काढतोय. तेलाच्या रंगाचा वास तुझ्या अवस्थेत बरा नाही. लाडू पाठवतो.

रतनने कळवलंय की मध्ये काच असली तर सोनार काचेवरच थांबतो. खरं आहे, मी खिडकीपाशी करून बघितलं. पण दारात काच नाही.

तब्येत जप. फार चालू नकोस.

पप्पा


बोरिवली
७ डिसेंबर १९८६

चि. उत्तरा,

रंगाचं मी खोटं लिहिलं. तू ते ओळखलंस आणि 'तुम्हाला मी यायला नको असेल तर सरळ सांगा, माझी सासू समर्थ आहे' असं लिहिलंस, ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. आता खरं ते सगळं लिहितो. हसायचं तर हस.

कॅमेरा बिघडलेला नाही. तो स्वयंपाकघरात बरोबर चालतो, आतल्या खोलीत चालतो, गॅलरीतून गुलमोहरावर लावला तर फांदी न् फांदी स्वच्छ दिसते. फक्त आपल्या दारावर लावला की तो उंबऱ्यात थांबतो. याच्या भिंगातूनच आपण बघत असतो, त्यामुळे फिल्म न जाळताही कळतं. बटण अर्धं दाबलं की भिंग गुर्र करून फिरतं आणि वहिनींची पाटी डोळ्यांदेखत विरघळते.

परवा सकाळी मी बटण तसंच दाबून धरलं, म्हणजे भिंग होतं तिथेच राहतं, आणि नंदावहिनींना हाक मारली. म्हटलं, तुमच्या दारातून माझ्याकडे हळूहळू चालत या. त्या आल्या बिचाऱ्या, हातात लाटणं तसंच. आधी नुसता साडीचा रंग दिसत होता. पॅसेजमध्ये अर्ध्यावर आल्या तरी पुसटच. त्यांचं पाऊल आपल्या उंबऱ्याला लागलं आणि बांगड्या, मंगळसूत्र, लाटण्याला लागलेलं पीठ, सगळं लख्ख झालं.

"काय बघताय एवढं, भावजी?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. कॅमेरा तपासतोय."

"तुमच्या दारात आलं ना, की अजून वाटतं प्रेमावहिनी मध्येच उभ्या आहेत. आत जाताना मी आपली अंग चोरूनच जाते. सवय झालीय, दुसरं काय!"

मग मी एक केलं, ते करायला नको होतं. कॅमेरा जमिनीकडे लावला आणि दाराच्या मोकळ्या चौकटीतून वर वर नेत गेलो. खालपासून वरपर्यंत तो उंबऱ्यातच थांबत होता. चौकटीला आपण पूर्वी दुधाची पिशवी लावायचो तो खिळा आहे ना, त्याच्या जरा वर गेलो आणि भिंग फिरलं, वहिनींचं दार स्वच्छ झालं. खाली आणलं की परत धुकं. तुझी आई दारात उभी राहिली की तिचा अंबाडा त्या खिळ्याला लागायचा आणि ती रोज त्या खिळ्याला शिव्या द्यायची.

आता दुसरी गोष्ट. आईच्या दहाव्याला तुला कुणी बोलावलं नाही, म्हणून तुला हे माहीत नाही. पिंडाला कावळा शिवेना. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेना. तुला आपली रीत ठाऊक आहे, गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलेलं असतं, ते ओळखून कुणीतरी शब्द द्यायचा. मी हात जोडून म्हटलं, प्रेमा, उत्तराला घरी आणीन. तिचं सगळं करीन. कावळा हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. नाहीच. ऊन डोक्यावर आलं होतं. तेव्हा दशरथ पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "प्रेमा, आयक गो! उत्तरेक ह्या घराचो उंबरो चढाक देवचंव नाय!"

त्याचं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

मी तेव्हा मनाशी म्हटलं, योगायोग. कावळ्याला भूक लागली. दीड वर्ष तेच म्हणत आलो, आणि तुला यायला सांगितलं तेही त्याच जोरावर. पण शब्द दिलेला आहे आणि ती तो राखत उभी आहे, उत्तरा. तिने कधी कुठलं काम अर्धवट टाकलंय?

मला तिची भीती वाटत नाही. संध्याकाळी मी खुर्ची दाराकडे करून बसतो, दोन गोष्टी बोलतो. पण पोटुशी मुलगी तिच्यातून ओलांडून आत आणायची माझी हिंमत नाही. तू येऊ नकोस.

रतन उद्या ऑफिसात भेटायला येईल, त्याच्याबरोबर एक कॅमेरा देतो आहे, खोक्यासारखा, नवा. तोही आपणच अंतर ओळखणारा आहे, म्हणून दिला, तुम्हाला काही लावायला नको. फिल्मही ठेवली आहे. तुझ्या सासरी तोंड दाखवून बाळ बघायचा मला धीर होईपर्यंत फोटो पाठव.

पप्पा


बोरिवली
२५ जानेवारी १९८७

चि. उत्तरा,

मुलगी झाल्याची तार आली त्या दिवशी मी मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले आणि शेवटचा दारात ठेवला. बाहेर नव्हे, उंबऱ्यावर. मग सवयीने कॅमेरा लावला तर वहिनींची पाटी स्वच्छ दिसली. मी डोळे पुसून परत बघितलं. खिळ्याच्या खाली, अगदी जमिनीपर्यंत, सगळीकडे स्वच्छ. दारात कुणी नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. म्हटलंही स्वतःशी, चला, सुटली ती, आता पोरीला आणू. पण घर असं वाटायला लागलं की बाहेरून कुलूप लावून सगळे गावी गेलेत आणि मी आत राहिलोय. तरी पत्र लिहायला बसलो होतो, 'ये' म्हणून. तेवढ्यात तुझं पाकीट आलं.

फोटो मी टेबलावर ओळीने मांडले. सोनूबाई स्टोव्हजवळ, अगदी छान. रतन लुंगीवर, छान, पण त्याला सांग फोटोला तरी पँट घालत जा. आणि जिथे बाळ आहे ते सगळे पुसट. तुझा चेहरा पुसट, बाळ म्हणजे एक पांढरा गोळा, आणि पुढची गोधडीची कड इतकी लख्ख की टाके मोजावेत. रतन म्हणतो फिल्म जुनी. फिल्म जुनी असती तर सोनूबाई कशा उमटल्या? कॅमेऱ्याच्या आणि बाळाच्या मध्ये कुणीतरी बसलेलं आहे.

तू टाळूचं लिहिलंयस ते मी दहा वेळा वाचलं. तुला वाटतं सासूबाईंनी टाळू भरली, त्यांना वाटतं तू भरलीस, आणि दोघी एकमेकींना विचारता तेव्हा कळतं की कुणीच नाही, तरी बाळाची टाळू तेलाने थबथबलेली असते. तेलाला वेखंडाचा वास येतो आणि तुमच्या घरात वेखंड नाही. दुपारी तुम्ही दोघी बाहेरच्या खोलीत असताना बाळ रडायला लागतं आणि तुम्ही उठायच्या आत गप्प होतं. तू विचारलंयस, 'पप्पा, ती बाळाचं काही वाईट तर करणार नाही ना? जाताना माझ्यावर रागावून गेली.'

वाचलं आणि त्याच पावली मुलुंडला निघालो होतो, चप्पल घातली होती. मग वेखंडावर अडलो. तू झालीस तेव्हा तुझी टाळू तिने दुसऱ्या कुणाला भरू दिली नाही. सासूला नाही, सुईणीला नाही. कोमट खोबरेल, त्यात वेखंड उगाळून. राग असलेलं माणूस वेखंड उगाळत बसत नाही, उत्तरा. त्याला पाऊण तास लागतो.

दशरथने शब्द दिला तो या घराच्या उंबऱ्याचा. तुला इथे येऊ दिलं नाही तिने. म्हणून आईने करायचं ते करायला ती स्वतः तिकडे गेली. जिवंतपणी जे घर तिने बघितलं नाही, तिथे आता ती मुक्कामाला आहे. मी दोन महिने रोज संध्याकाळी तिच्याशी बोलत होतो, पण मला सोडून गेली ती तुझ्याकडे, हे कळल्यावर मला आधी राग आला आणि मग रडू आलं.

आता नीट वाच. बाळंतपणाला आलेली आई सव्वा महिना झाला की आपल्या घरी जाते. तिला कुणी सांगितलं नाही तर ती राहील, आणि ती राहिलेली बरी नाही. बाळाला तिची सवय लागता कामा नये. सव्वा महिना झाला की पाट मांड. ती सवाष्ण गेली, तिची ओटी भरता येते. नारळ, तांदूळ, खण. तुमच्यात हे करत नसतील तर सोनूबाईंना माझं नाव घेऊन विचार, त्या नाही म्हणणार नाहीत. पाटासमोर बसून तिला सांग, आई, खूप केलंस, आता घरी जा. पप्पा एकटे आहेत. आणि तुला विचारायचं असेल ते विचार.

कॅमेरा मात्र तेव्हा लावू नका.

पप्पा


बोरिवली
१ मार्च १९८७

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ओटी सोनूबाईंनीच भरायला लावली आणि म्हणाल्या, 'बाईमाणसाला रिकामी पाठवू नये, मग ती दिसो न दिसो,' हे वाचून मी त्या माउलीला इथूनच नमस्कार केला. तू पाटासमोर बसून विचारलंस, 'आई, मी बाळाला घेऊन घरी येऊ का?' आणि काहीच झालं नाही. ना दिवा हलला, ना बाळ हसलं. त्या दिवसापासून टाळू कोरडीच असते, तुम्ही भरली तरच भरलेली. रतनने काढलेला फोटो तू सोबत ठेवलास. उत्तरा, काय नाक आहे गं पोरीचं! पापण्यासुद्धा दिसतात. किती वेळ मी तो हातात धरून बसलो होतो.

पण तुझा प्रश्न अनुत्तरित राहिला म्हणून तू रडलीस, असं सोनूबाईंनी खाली दोन ओळींत लिहिलंय. म्हणून पत्र ठेवलं आणि सोनार काढला. मला भीती होती की ती परत आली असेल आणि परत दारात उभी असेल.

खुर्चीत बसलो, दार उघडलं, बटण दाबलं. वहिनींची पाटी स्वच्छ. खालून वर, वरून खाली, उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वच्छ. म्हटलं, आलीच नाही. वाट चुकली की काय! मग स्वयंपाकघर बघितलं, आतली खोली बघितली, गॅलरी बघितली. भिंती, डबे, दोरीवरचा पंचा, जे जिथे आहे ते तिथेच दिसत होतं. मी दमलो आणि आपल्या जुन्या पलंगावर बसलो. कॅमेरा हातातच होता. उजव्या बाजूला मी बसलो होतो, डावी रिकामी. ती नेहमी डावीकडे बसायची. मी सहज कॅमेरा तिकडे वळवला आणि बटण दाबलं.

भिंग फिरायला लागलं. फिरतच राहिलं. जवळ, आणखी जवळ, आणि शेवटाला टेकून थांबलं. पलीकडची भिंत, खिडकी, कॅलेंडर, सगळं पांढरं झालं. वीतभर अंतराच्या आतलं या कॅमेऱ्याला बघता येत नाही, तिथे त्याचं मोजणं संपतं.

मी कॅमेरा बंद करून घडी घातली. पण उठलो नाही. ती एवढ्या जवळ किती वर्षांत बसली नव्हती. नंतर संध्याकाळी दिवे लागल्यावर, आणि आज सकाळी पुन्हा दार बघितलं. दारात ती नाही. दशरथचा शब्द राखायला ती उभी राहायची, ते तिने सोडलं. तुझ्या प्रश्नाला तिने तिकडे उत्तर दिलं नाही, कारण ते तिला इथे येऊन द्यायचं होतं.

हे पत्र मी पलंगावर बसून लिहितो आहे. माझ्या डाव्या दंडाला गार लागतंय. मी थोडा सरकून जागा करून दिली आहे.

उंबऱ्यात कुणी नाही, उत्तरा. बाळाला घेऊन ये.

तुझे,
पप्पा